अमेरिकेला गेलो होतो तो आठवडा

माझ्या बाबांना दोन बहिणी. धाकटी शैलाआत्या अमेरिकेत टेक्ससला, आणि भावंडांत सगळ्यांत थोरली सुलूआत्या हफर अल बातिनला. आम्ही राहायचो त्याच आखाती देशात, अल-खोबरला. म्हणजे एकीकडे जायचं तर दोन विमानं बदलावी लागत, आणि दुसरीकडे सकाळी चहा पिऊन गाडीनं निघालं तर दुपारच्या जेवणाला पोचता येई. तरी मी दहावीत जाईपर्यंत जी जवळ होती तिला मी एकदाही पाहिलं नव्हतं, आणि जी लांब होती तिच्या स्वयंपाकघरातला प्रत्येक खण मला व्हिडिओ कॉलमुळे पाठ होता. घरात नुसतं 'आत्या' म्हटलं की ती शैलाआत्या. दुसरीचा विषय चुकून निघालाच तर मोठी माणसं 'ती हफरची' म्हणत, आणि मग कुणीतरी एसीचा रिमोट शोधायला उठे.

सुलूआत्या नर्स होती. आमच्या घराण्यातून नोकरीसाठी परदेशी गेलेलं पहिलं माणूस तीच. हफरच्या इस्पितळात एक्स-रे विभागात काम करणारे इक्बाल तिला भेटले. ते मूळचे रत्नागिरीकडचे. तिनं त्यांच्याशी लग्न केलं, आणि पुण्यात आजोबांनी ठरवलं की तिचं नाव घरात निघता कामा नये. पुढे आजोबा गेले, पाठोपाठ आजी गेली, पण ठरलेलं ते ठरलेलंच राहिलं, कारण ते मोडायचं कुणी हे मात्र ठरलेलं नव्हतं. काही वर्षांनी बाबांना इकडच्या पेट्रोकेमिकल प्लँटवर नोकरी लागली, त्यांचे मोठे भाऊ अण्णाकाका बँकेच्या नोकरीवर रियाधला आले, आणि चारांतली तीन भावंडं एकाच देशाच्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, राहू लागली. बाबा आणि अण्णाकाका दर शुक्रवारी फोनवर बोलत. हफरशी कुणीच बोलत नसे. या बाबतीत अण्णाकाका सगळ्यांत कडक. त्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नसे आणि सुलूआत्याचं नावही येत नसे, आणि ते या दोन्ही गोष्टी एकाच सुरात सांगत.

आमच्या फ्लॅटखाली एका मलबारी माणसाचं बकाला होतं, म्हणजे वाण्याचं दुकान. तिथून कढीपत्त्याचा आणि फिनेलचा मिळून एक वास जिन्यानं वर येई, आणि अजूनही कुठे तो वास आला की मला अल-खोबरचं दार उघडल्यासारखं वाटतं. आसपासच्या तीन मशिदींची अजान एकामागोमाग अशी यायची की पहिलीचा शेवट आणि तिसरीची सुरुवात यांच्यात आईची फोडणी होऊन जाई. तिथे सुट्टी शुक्रवारी, म्हणून गुरुवारची संध्याकाळ म्हणजे आमची शनिवारची संध्याकाळ. बाबा प्लँटवरून येताना गरम खुबूस, म्हणजे तिकडची रोटी, आणत, आई त्याच्याबरोबर पिठलं करी, आणि मी त्या पिठल्याबद्दलची नाराजी इंग्रजीत व्यक्त करी. आईबाबा माझ्याशी मराठीत बोलत आणि मी उत्तर इंग्रजीत देई, फार तर हिंदीत. आज मी हे मराठीत लिहिते आहे हे आईनं पाहिलं असतं तर ती म्हणाली असती, आता सुचलं होय तुला.

शैलाआत्याकडे दर नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगला माणसं जमत. त्या दिवशी टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकानं आपण कशाबद्दल ऋणी आहोत ते मोठ्यानं सांगायचं आणि मग जेवायचं, अशी तिकडची रीत तिनं आम्हांला समजावली होती. आदल्या वर्षी अण्णाकाकांनी तिच्याकडे यायची इच्छा दाखवली, तर तिनं सांगितलं की पुढच्या वर्षी प्रकाशला, म्हणजे माझ्या बाबांना, बोलावलंय, घरात पाहुण्यांची खोली एकच आहे. अण्णाकाकांना ते लागलं होतं. बाबांना मात्र एवढा मान मिळाल्याचं उशिरा कळलं, कारण प्रत्यक्ष बोलावणं नंतर आलं. तरी ते आलं आणि आमचं वर्ष त्यात गेलं.

व्हिसा झाला, तिकिटं झाली, बाबांची रजा मंजूर झाली, शाळेत अर्ज गेला. जिथे पंखा लागत नाही असे महिने बोटांवर मोजावेत, तिथल्या मॉलमध्ये आम्ही जाडजूड जॅकेटं शोधली. आमच्या वरच्या मजल्यावर नाडकर्णीकाकू राहत. अल-खोबरच्या मराठी कुटुंबांत कुणाकडे काय चाललंय हे त्यांना त्या त्या कुटुंबाच्या थोडं आधी कळत असे. त्यांनी आम्हांला निरोपाचं जेवण दिलं, त्यात पुरणपोळी केली, आणि "तिकडे काय मिळायचंय हे" म्हणत बाबांना तिसरी वाढली. बाबांनी रोज रात्रीच्या जेवणाला आमची तालीम घ्यायला सुरुवात केली. टर्की नम्रपणे कशी नाकारायची आणि आभाराचं वाक्य कसं म्हणायचं. त्यांचं स्वतःचं वाक्य इंग्रजीत होतं आणि त्याचा अर्थ साधारण असा, की जवळ असो वा दूर, आपली माणसं ती आपली माणसं, याबद्दल मी देवाचा ऋणी आहे. ते म्हणताना बाबा चमचा खाली ठेवत. आई म्हणाली, "मी नुसतं थँक्यू म्हणेन." बाबा म्हणाले, "असं नाही चालत, नीला. तिथे अमेरिकन शेजारीही असतील."

निघायच्या आठवडाभर आधी शैलाआत्याचा फोन आला. आम्ही जेवत होतो. बाबांनी फोन स्पीकरवर टाकला.

"प्रकाश, अरे एक घोळ झालाय. यांचे दोन्ही भाऊ सहकुटुंब येतायत. अचानक ठरलं. त्यांना नाही कसं म्हणणार? सासरचं आहे. तुम्ही काय, घरचेच. तुम्ही केव्हाही या."

"हो, हो," बाबा म्हणाले. "तसंच आहे ते. आम्ही केव्हाही येऊ."

"रागावला नाहीस ना?"

"छे."

"आणि हे बघ, अण्णाला यातलं काही बोलू नकोस. त्याला मी तुमचं कारण सांगून नाही म्हटलं होतं. आता तुम्हीही आला नाहीत असं कळलं तर तो माझ्याशी जन्मात बोलणार नाही. मी त्याला सांगते तुम्ही पोचलात म्हणून. तू फक्त आठवडाभर त्याचा फोन उचलू नकोस."

फोन बंद झाल्यावर बाबांनी ताटातलं सगळं जेवण संपवलं. मग म्हणाले, "नाडकर्णीबाईंना काय सांगायचं?" मला तेव्हा वाटलं होतं की हा फार क्षुल्लक प्रश्न आहे. आता वाटतं, माणसाला खरं लागलेलं असतं तेव्हा तो असाच बाजूचा प्रश्न विचारतो.

कुठे तरी जायला हवं होतं एवढं नक्की होतं. दिवे बंद करून घरात बसायचं तर पाण्याच्या मोटारीच्या आवाजावरूनही नाडकर्णीकाकूंनी आम्हांला ओळखलं असतं. बहरीनला जावं तर अर्धं अल-खोबर सुट्टीला तिथेच असे. रियाधला अण्णाकाका. पुण्याला गेलो तर दुसऱ्या दिवशी सगळ्या खंडांत बातमी पोचली असती. बाबा ही सगळी गावं एकेक करून खोडत होते, तेव्हा आई पाण्याची बाटली भरता भरता म्हणाली, "हफरला आपल्याला ओळखणारं कुणी नाही."

"हफरला सुलूताई आहे."

"तेच म्हणतेय. त्या काही विचारणार नाहीत. मी विचारून बघते त्यांना."

"तू विचारून बघतेस म्हणजे? तुझ्याकडे नंबर आहे तिचा?"

"मुग्धा सहा महिन्यांची असताना तिला ताप आला होता. तुम्ही प्लँटवर शटडाउनला. मला इथल्या डॉक्टरांचं काही कळेना. तेव्हापासून आहे नंबर."

बाबांनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, जणू मीही त्या कटात सहा महिन्यांची असल्यापासून सामील होते. ते रागावतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "बरं. पण मी आहे म्हणून सांग. नाहीतर तिला वाटायचं तुम्ही दोघीच."

आम्ही विमानतळाच्या वेळेला, मोठ्या बॅगा घेऊन, नाडकर्णीकाकूंच्या डोळ्यांदेखत निघालो. त्यांनी आईच्या हातावर दही घातलं. गाडी विमानतळाच्या रस्त्याला लागली आणि मग तो रस्ता सोडून उत्तरेला वळली. जुबैल मागे पडल्यावर दोन्हीकडे वाळू, विजेचे खांब आणि मधूनच उंटांचे तांडे, एवढंच. अर्ध्या वाटेत आईनं गाडी चालवायला घेतली. बायकांना परवाना मिळू लागल्यावर तिनं तो पहिल्या वर्षीच काढला होता आणि बाबा शेजारी बसले की कारण नसताना उजवा पाय दाबत. त्या दिवशी मात्र ते खिडकीबाहेर बघत राहिले. माझ्या मैत्रिणी फोनवर विचारत होत्या, बोर्डिंग झालं का. मी सगळ्यांना विमानाची चित्रं पाठवली.

सुलूआत्याचं घर इस्पितळामागच्या गल्लीत, तळमजल्यावर. दार तिनंच उघडलं. मला वाटलं होतं ती उंच असेल, थोडी करारी असेल, कारण जिचं नाव घ्यायला बंदी असते ती बाई तशी असावी. ती आमच्या शाळेतल्या गणिताच्या बाईंसारखी दिसत होती, चष्मा डोक्यावर सरकवलेला. तिनं बाबांकडे पाहिलं. "टायरमध्ये हवा कमी वाटतेय," बाबा म्हणाले.

"इक्बाल बघतील," ती म्हणाली. "आत ये. जाड झालास."

एवढंच. रडारड झाली नाही. मी जन्माला येण्याच्या कितीतरी आधीपासून ती दोघं भेटली नव्हती आणि पहिल्या पाच मिनिटांत ती टायरबद्दल बोलत होती. इक्बाल मात्र लाजले होते. त्यांना काय म्हणायचं हे मला कळत नव्हतं आणि मी वाक्यं अशी रचत होते की हाक मारावीच लागणार नाही. दुसऱ्या दिवशी तेच म्हणाले, "गो बाय, मला काका म्हण, चाचा म्हण, नायतर नुस्तं ओ म्हण. पण असं भिंतीकडं बघून चहा नको मागू."

त्या घरातली सकाळ सांगण्यासारखी आहे. काका पहाटे नमाजाला जात, येताना पाव घेऊन येत, आणि मग दोघं स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच चहा पीत. रेडिओवर अरबी बातम्या, त्यावर काकांची कोकणी टिप्पणी. काका घावन घालत. तव्यावर पीठ पडल्याचा चुर्र आवाज झाला की मी उठायची. बरोबर नारळाचं दूध आणि गूळ. आत्याचा स्वयंपाक मात्र थेट आमच्या आजीचा, आमटीला तोच चिंचगुळाचा आंबटगोड वास. बाबा पहिल्या दिवशी पहिला घास घेऊन थांबले होते. आईनं विचारलं, तिखट आहे का. ते म्हणाले, नाही. दुपारी आत्या ड्यूटीवरून येई तेव्हा तिच्या अंगाला डेटॉलचा वास असे. बाळंतिणींच्या वॉर्डात ती काम करी आणि कुणाला काय झालं, मुलगा की मुलगी, हे घरात शिरता शिरताच सांगे. संध्याकाळी आम्ही गावाबाहेर जात असू. नोव्हेंबरात तिथली कुटुंबं वाळवंटात तंबू ठोकून राहतात. आम्ही त्यांच्यापासून थोडं दूर चटई टाकत असू. सूर्य गेला की गारवा असा येई की टेक्ससची जॅकेटं खरोखर कामाला आली.

कुणी कुणाची माफी मागितली नाही. मला त्याचं तेव्हा फार आश्चर्य वाटे. बाबा नळाचा वॉशर बदलत, बाथरूमची कडी दुरुस्त करत, दिवसभर घरात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन फिरत. आत्या एकदा आईला म्हणाली, "याला सांग, आता काही नादुरुस्त राहिलं नाही."

गुरुवार उजाडला. त्या दिवशी थँक्सगिव्हिंग आहे हे फक्त माझ्या लक्षात होतं. संध्याकाळी काका मगरिबच्या नमाजाला गेले होते, बाबा बनियन आणि अर्ध्या चड्डीत सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते, आणि बाहेरचं दार उघडलं. बेल वाजली नाही. माणूस आत आला, सवयीनं बूट काढून कपाटाखाली सरकवले, हातातली पिशवी टेबलावर ठेवली आणि स्वयंपाकघराच्या दिशेनं ओरडून म्हणाला, "ताई, हामूर मिळाला का? आज भूक लागलीय."

हामूर हा तिकडचा मासा. आणि विचारणारे होते अण्णाकाका, ज्यांच्या घरात अंडं येत नसे.

ते वळले आणि त्यांना बाबा दिसले.

दोघा भावांचे चेहरे मी आजही डोळ्यांपुढे आणू शकते. बाबांनी पाय खाली घेतले. अण्णाकाकांनी टायची गाठ सैल केली, मग परत घट्ट केली.

"तू कधी आलास?" शेवटी बाबा म्हणाले.

"बँकेची इथली शाखा तपासायला आलो होतो," अण्णाकाका म्हणाले. "तू टेक्ससहून कधी आलास?"

"पिशवीत काय आहे?" आत्यानं आतून विचारलं.

"बाकरवडी. पुण्याहून आलीय." अण्णाकाकांचा आवाज फार बारीक झाला होता. "दर वेळी आणतो तीच."

दर वेळी. ते शब्द बाहेर पडल्यावर त्यांच्या लक्षात आलं, पण आता उशीर झाला होता. बाबा हळूच म्हणाले, "किती वर्षं?" अण्णाकाका पिशवीची गाठ सोडू लागले. आई दारात उभी होती. तिनं आत्याला विचारलं, "तुम्हांला माहीत होतं आज भाऊजी येणार ते?"

"तो मधूनमधून गुरुवारी येतो. आधी कधी कळवत नाही. आज येईल असं नव्हतं वाटलं." आत्यानं झारा पुसला. "आणि वाटलं असतं तरी सांगितलं नसतं."

एवढ्यात अण्णाकाकांचा फोन वाजला. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि त्यांची नजर अशी झाली की आम्हां सगळ्यांना नाव न विचारता कळलं. टेक्ससला सकाळ झाली होती. त्यांनी फोन उचलला, आणि का कोण जाणे, स्पीकर चालू केला. तो मुद्दाम केला की चुकून बोट लागलं, हे त्यांनी पुढे कधी सांगितलं नाही.

"अण्णा, हॅपी थँक्सगिव्हिंग," शैलाआत्या म्हणाली. "व्हिडिओ लाव ना."

"इथे नेट नीट नाही. ऑफिसात आहे. प्रकाश काय म्हणतोय?" अण्णाकाका बाबांकडे बघतच विचारत होते.

"मजेत आहे एकदम. आत्ताच आंघोळीला गेला. नीला मला गाजरं किसून देतेय. मुग्धा टीव्हीवर मिरवणूक बघतेय, इतकी रमलीय म्हणून सांगू."

"नीलाला दे जरा."

"हात भरलेत रे तिचे."

आईनं आपल्या हातांकडे पाहिलं. मला हसू फुटणार होतं, पण बाबांचा चेहरा पाहून ते आतच राहिलं. एका वाक्यानं अण्णाकाका सगळं उघडं करू शकले असते. पण मग त्यांना आपण कुठे उभे आहोत हेही सांगावं लागलं असतं. ते म्हणाले, "बरं. मजा करा. सगळ्यांना सांग विचारलं म्हणून." शैलाआत्या म्हणाली, "तुझी फार आठवण येते अण्णा, खरंच. सगळे एकत्र असायला हवं होतं." आणि फोन ठेवला गेला.

सगळे एकत्रच होते, तिच्याखेरीज. आत्या स्वयंपाकघराच्या दारात तशीच उभी होती. ती हसली नव्हती, आम्ही काय चालवलंय हे विचारायलाही पुढे आली नव्हती. ती म्हणाली, "आवाज अगदी आईसारखा झालाय हिचा. मी शेवटचा ऐकला तेव्हा कॉलेजात होती." आणि आत जाऊन तिनं गॅस बारीक केला.

बाबा उठले. मला वाटलं ते शर्ट घालायला चाललेत. ते स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याजवळ तिच्या पाठीमागे उभे राहिले. मी जिथे बसले होते तिथून त्यांची फक्त पाठ दिसत होती. "ताई," ते म्हणाले, "आमचा तिकडे जायचा बेत रद्द झाला म्हणून आम्ही इथे आलो. नाहीतर आलो नसतो."

"मला माहितीये," ती म्हणाली. "नीलानं फोनवर सांगितलं होतं."

"तरी ये म्हणालीस?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

त्यावर बाबांच्या खांद्यांना काहीतरी झालं आणि आईनं मला पाणी आणायला म्हणून बाहेरच्या खोलीत पिटाळलं, जिथे पाणी नव्हतंच.

काका नमाजाहून परतले तेव्हा घरातली हवा त्यांना लगेच कळली असावी. त्यांनी अण्णाकाकांना "या साहेब" म्हटलं, बाबांकडे पाहिलं, आणि जास्तीची चटई काढली. जेवायला वांग्याचं भरीत, भाकरी आणि आमटी. आत्या म्हणाली, "हामूर फ्रीजरमध्ये आहे अण्णा, पण प्रकाशसमोर तुला चालेल की नाही माहीत नव्हतं."

अण्णाकाका ताटाकडे बघत म्हणाले, "आता काय राहिलंय."

मग आत्यानं मासा तळला आणि ते जेवले. बाबा भावाला काटे काढताना बघत होते. एका क्षणी आजोबांच्या आठवणीनं ते म्हणाले, "बाबूजींनी पाहिलं असतं तर." अण्णाकाका म्हणाले, "तू बनियनवर जेवताना पाहिलं असतं तर आधी तुला बोलले असते." आणि पहिल्यांदा कुणीतरी हसलं. ती आत्या होती.

आईनं मला सांगितलं, "तू एवढं पाठ केलं होतंस ना, म्हण की." मला खूप अवघडल्यासारखं झालं, पण सगळे थांबले होते. मी माझं इंग्रजी वाक्य म्हणाले, की आत्यानं आम्हांला तिच्या सुंदर घरात प्रेमानं बोलावलं याबद्दल मी तिची ऋणी आहे. एक अक्षर बदलावं लागलं नाही. काकांनी विचारलं, हे काय असतं. आईनं समजावलं. मग सगळ्यांनी बाबांकडे पाहिलं, कारण त्यांची तालीम सर्वांत जास्त झाली होती. त्यांनी भाकरी खाली ठेवली, तोंड उघडलं आणि म्हणाले, "माझं वाक्य जमणार नाही इथे." आत्यानं त्यांच्या ताटात आमटी वाढली.

आम्ही ठरल्या दिवशी अल-खोबरला परतलो आणि अमेरिकेहून आल्यासारखे वागलो. नाडकर्णीकाकूंनी दमलेले दिसता म्हटलं. मी मैत्रिणींना टेक्ससमध्ये बर्फ पडला असं सांगून बसले आणि एकीनं तिथे तेव्हा बर्फ पडलाच नव्हता हे फोनवर शोधून काढलं. काकूंना तिकडचा एखादा पदार्थ हवा होता. आई म्हणाली, तिकडे भोपळ्याचं गोड करतात, आणि घारगे करून वर पाठवले. काकूंचं मत पडलं की अमेरिकेतले लोक आपल्याहून फारसे वेगळे नाहीत. शैलाआत्याला खरं काय ते कुणी कळवलं नाही. कळवायचं तर तिनं कुणाकुणाला काय सांगितलं होतं हे सगळं निस्तरावं लागलं असतं. अण्णाकाका आणि बाबा मात्र आता शुक्रवारच्या फोनवर ताईबद्दल बोलत. आपण एवढी वर्षं एकमेकांपासून काय लपवलं याबद्दल ते कधीच बोलले नाहीत.

पुढच्या ईदच्या सुट्टीत बाबांनी स्वतः फोन करून आत्याला आणि काकांना अल-खोबरला बोलावलं. ती म्हणाली, "लोकांना काय सांगशील?" बाबा म्हणाले, "ते बघू." मला ते उत्तर आवडलं नाही, आणि आत्यालाही आवडलं नसावं, पण ती आली. संध्याकाळी आम्ही कॉर्निशवर गेलो. समुद्राकाठी गवतावर बिर्याणीचे डबे उघडून बसलेली असंख्य कुटुंबं, फुगे, सायकली, भरतीचा वास. आम्ही चटई पसरत होतो आणि समोरून नाडकर्णी पतिपत्नी चालत आले.

"अगंबाई," काकू थांबल्या. आत्याकडे त्यांनी नीट पाहून घेतलं. "चेहरा अगदी प्रकाशरावांचा. ही तुमची अमेरिकेची बहीण ना? केव्हा आल्या?"

आत्या वाकून चटईची कड सरळ करू लागली. ती बाबांकडेही बघत नव्हती. काका डब्याचं झाकण हातात धरून उभे होते आणि मला कळलं की ते दोन पावलं मागे सरकलेत, म्हणजे कुणाला वाटलं तर ते शेजारच्या कुटुंबातले वाटावेत. तेवढं सरकण्याची त्यांना सवय होती हेही मला तेव्हाच कळलं.

"नाही," बाबा म्हणाले. "ही सुलूताई. आम्हां सगळ्यांत मोठी. ही हफर अल बातिनला असते. आणि हे इक्बाल, आमचे मेव्हणे. आम्ही नोव्हेंबरात अमेरिकेला गेलोच नव्हतो. हिच्याकडे होतो."

काकू क्षणभर बघत राहिल्या आणि मग मनापासून हसल्या. "काय हो तुमचा विनोद," त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून पाहुणी आलीय आणि तिला हफरला पाठवताय. चला, येते हं. घरी या एकदा, अमेरिकेच्या गप्पा मारू." आणि त्या आत्याचा हात दाबून, काकांकडे एक नजर टाकून, नवऱ्यासह पुढे निघून गेल्या.

आम्ही सगळे उभेच होतो. आत्या चटईवर बसली. "सांगितलंस ना तू," ती म्हणाली. "झालं. त्यांना खरं वाटलं नाही त्याला तू काय करणार. बस आता."

बाबा बसले नाहीत. ते त्या दिशेनं निघाले, आधी चालत आणि मग चक्क धावत, ईदसाठी घातलेल्या नव्या बुटांत, मुलांच्या सायकली चुकवत. मी बाबांना धावताना त्याआधी पाहिलं नव्हतं. लांब दिव्याच्या खांबाखाली त्यांनी नाडकर्णींना गाठलं. काही ऐकू येत नव्हतं, फक्त बाबांचा हात आमच्याकडे दाखवत होता, परत परत, आणि काकूंचं डोकं हळूहळू आमच्याकडे वळत होतं. आई म्हणाली, "मुग्धा, असं टक लावून बघू नये," आणि स्वतः बघत राहिली.

बाबा परत आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता. ते काकांच्या शेजारी बसले, अगदी खांद्याला खांदा लागेल इतके जवळ.

"काय सांगितलंत?" आईनं विचारलं.

"सगळं. लग्नापासून."

"मग? काय म्हणाल्या?"

बाबांनी बाटली तोंडाला लावली, बरंच पाणी प्यायले आणि तोंड पुसलं.

"म्हणाल्या, बरं."

"बास?"

"बास," बाबा म्हणाले, आणि काकांनी पुढे केलेल्या डब्यातून घावन उचललं.